सातनंतर

दहापासून उलटं मोजा, म्हणाल्या बेहेरेबाई.
दहा. नऊ. आठ.
सातपर्यंत मी होतो, हे नक्की.
सहा कुठं गेला, मला माहीत नाही.

अंधारही नव्हता. अंधार दिसायला डोळे लागतात.
वाशीच्या त्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर
अडीच तास माझ्या पोटातले खडे काढत होते
आणि मी झोपलो नव्हतो, स्वप्नात नव्हतो,
नव्हतोच.

भूल म्हणतात याला आपल्यात.
चूक होते तीही भूल. रानात चकवा लागतो तीही भूल.
आणि ही, जिच्यात वाट चुकायलाही कुणी उरत नाही.

जाग आली तेव्हा तोंडाला कोरड
आणि पहिला विचार असा:
हेच असेल तर?

कुंदा गेली त्याला चौदा महिने झाले.
रोज रात्री मी तिच्या फोटोला सांगत आलो
काय खाल्लं, किती वाजता खाल्लं.
तिच्याकडं माझ्या अडीच तासांसारखंच काही असेल,
फक्त न संपणारं,
तर माझी पडवळाची भाजी कुणापर्यंत पोचत होती?
आणि पोचत नसेल
तर पडवळ चिरायचं कशाला?

टाके सुकेपर्यंत नेरूळच्या खोलीत पडून
हाच हिशोब मांडत होतो.
शेवटी शून्यच येणार असेल
तर मधल्या रकमा लिहायच्या कशाला?
मोह पडतो असल्या हिशोबाचा. फार स्वच्छ असतो तो.
पलीकडं एक सुटका तेवढी दिसत होती,
ताळा करून बघितला, तीही खोटी.
सुटलो बाबा, असं म्हणायला
जो लागतो, तोच तिथं नसतो.
अडीच तास मला कुंदाची आठवण आली नाही.
बरं वाटलं का?
कुणाला?

सोळाव्या दिवशी ड्यूटीवर गेलो, बेलापूरच्या होल्डिंग पाँडवर.
आमचं शहर भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे.
लोकांना माहीत नसतं.
भरती आली की तिच्याच रेट्यानं झडपा मिटतात,
ओहोटीला तलावाचं पाणी त्या ढकलून निघून जातं.
आम्ही बघायचं. अडकलेलं काढायचं. वहीत लिहायचं.

वही उघडली. त्या तारखेला
हरेश्वर मढवीचं अक्षर, तिरकं, शाई पसरलेली:
'१२.१० भरती पुरी. झडपा बंद.
तीन नंबरात गोणपाट, काढलं.
२.४० पाणी जायला लागलं.
निवट्या बऱ्याच.'

निवट्या बऱ्याच.
हे कुणी विचारलं नव्हतं. तसला रकाना नाही.
साहेब तर वहीच वाचत नाहीत.
मी मात्र मी नसतानाचं पाणी
उभ्या उभ्या चारदा वाचलं.

डबा सोडताना मढवीला विचारलं,
मेल्यावर काही कळत असेल का रे?
"नाय कलत," तो म्हणाला, "तुला आता तरी कवरं कलतं?"
आणि सुक्या बोंबलाची चटणी माझ्याकडं सरकवली.

कुंदा मीठ आधी तळहातावर घ्यायची,
हलवून बघायची, जणू नाणं आहे,
मग आमटीत. दर वेळी.
हे आता तिला माहीत नाही.
म्हणजे एवढ्या सगळ्या जगात
हे फक्त मला माहीत आहे.
यावर काय करायचं ते मला कळलेलं नाही.
चटणी तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं,
मढवीनं तांब्या पुढं केला.

संध्याकाळी झडपेपाशी गेलो.
चिखलात निवट्या पोटावर उड्या मारत होत्या,
बऱ्याच नाही, तीन-चार.
टाक्यांपाशी थोडं ओढलं.
पेन उघडलं. ६.०० लिहिलं
आणि पुढं काय लिहायचं म्हणून
पाण्याकडं बघितलं.